कल्पना दिली, म्हणजे काय दिलं?

सोलापूरच्या कोर्टाजवळ बसून मी मराठी कागदांचं इंग्रजी करून देतो. परवा तीन पानी कैफियतीचा, म्हणजे दाव्याला प्रतिवादीच्या लेखी उत्तराचा, मसुदा आला. सुताच्या उधारीचा दावा; प्रतिवादी यंत्रमागवाले. इंग्रजी त्यांनी मोबाईलवर करून आणलं होतं, ‘नुसतं बघा’ म्हणाले. त्यात दुपार गेली.

कलम 4: ‘सूत खराब निघाल्याची कल्पना वादीस त्याच आठवड्यात दिली होती.’ मोबाईलनं ‘आयडिया’ दिली. सगळा बचाव या एका वाक्यावर, आणि तिथे ‘इन्फॉर्म्ड’च हवं. या शब्दाचा अर्थ क्रियापद ठरवतं, म्हणून आधी वाक्याचं शेपूट बघायचं. कल्पना देणे म्हणजे कळवणे. कल्पना नसणे म्हणजे ठाऊक नसणे. सुचली तर युक्ती. मनातल्या चित्राचा अर्थ ‘करणे’ला. ‘कल्पनाच करवत नाही’ म्हणणाऱ्याला तर चित्र दिसतंच, सोसत नाही.

कलम 7 नेहमीचं: ‘खोटे, बनावट व कपोलकल्पित’. मोबाईलनं शेवटच्याला ‘इमॅजिनरी’ लावलं. ते ‘काल्पनिक’ला चालतं, कारण त्यात दोषारोप नाही, नाटकातली पात्रं काल्पनिक असतात, कुणी फिर्याद करत नाही. कपोल म्हणजे गाल. कपोलकल्पित म्हणजे आधार काही नाही, नुसती तोंडची रचना, रोख बोलणाऱ्यावर. मी ‘कन्कॉक्टेड’ लिहिलं. बनावट खरं तर बिल, सही, शिक्का यांना शोभतं, पण वकील तिन्ही एका दमात लिहितात. आपण तिन्ही ठेवायचे.

अडलं कलम 9 ला: ‘सूत बदलून नेण्याची सोय कल्पिली होती.’ मराठीत याचा अर्थ सोय मनातच होती, म्हणजे पक्षकार स्वतःच्या हातानं बुडाला. त्यांना विचारलं.

“कल्पिली म्हणजे दिली की हो! पोती बाजूला काढून ठेवलेली.”

त्यांच्या घरची भाषा तेलुगू. तेलुगूत ‘कल्पिंचु’ म्हणजे निर्माण करणे, उपलब्ध करून देणेसुद्धा. ‘सौकर्यं कल्पिंचु’ तिथे रोजचं. सोलापुरात मराठी कागदाखाली तेलुगू नाहीतर कन्नड निघणं नवं नाही. कन्नडचा ‘कल्पने’ मराठीच्या जवळचा, पण क्रियापद ‘कल्पिसु’ तेलुगूसारखाच दगा देतं.

मूळ कागदातलं अक्षर मी बदलत नाही. अर्थ कळला तरी नाही. मसुदा वकिलांकडे परत पाठवला. पाच वाजता दुरुस्त होऊन आला: ‘सोय करून दिली होती’. मग इंग्रजीला दोन मिनिटंही लागली नाहीत.