बैलजोडी आणि जप्तीचं वॉरंट

माझी सगळी नोकरी दिवाणी कोर्टात बेलिफ म्हणून झाली, अमळनेर-चोपडा भागात. समन्स बजावायचं, दरखास्तीत, म्हणजे कोर्टाच्या निकालाच्या वसुलीसाठी केलेल्या अर्जात, जप्ती करायची, पंचनामा लिहायचा. गावात माझी मोटारसायकल शिरली की पारावरची माणसं बोलायची थांबत, मी कोणाच्या दाराकडे वळतो ते बघत. त्या दारांत मला ज्या कलमाचा सगळ्यात जास्त आधार वाटला, ते म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८, कलम ६०.

हुकूमनाम्याच्या, म्हणजे कोर्टाच्या निकालाच्या, वसुलीत काय उचलता येत नाही, ते या कलमात लिहिलंय. कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण. धर्मरिवाजानं बाई अंगावेगळे करू शकत नाही असे दागिने, म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र. कारागिराची हत्यारं. आणि शेतकऱ्याची औतं-अवजारं, शिवाय पोट भरण्यासाठी कोर्टाला आवश्यक वाटतील तेवढी गुरं आणि बी-बियाणं. पुढे कलम ६२ सांगतं की दिवस मावळल्यावर आणि उजाडायच्या आत कोणाच्या घरात शिरायचं नाही.

यामागचा धागा फार जुना आहे. १५ जून १२१५ रोजी थेम्स नदीकाठच्या रनीमीडला इंग्लंडच्या जॉन राजाला सरदारांनी मॅग्ना कार्टा ही हक्कांची सनद मान्य करायला लावली. सनदेचा बराचसा भाग 'स्वतंत्र माणसां'साठी होता. जमीनदाराच्या जमिनीला बांधलेले भूदास त्यात बसत नव्हते. तरी २० व्या कलमात त्यांची आठवण ठेवलेली दिसते: दंड करायचा तर भूदासाचं शेतीचं साधन राखून करा. दोन-अडीच महिन्यांत पोपनं ही सनद रद्द ठरवली, पण पुढच्या राजवटीत ती पुन्हा पुन्हा काढली गेली. मग १२८५ मध्ये पहिल्या एडवर्डच्या वेस्टमिन्स्टर कायद्यानं सावकाराला ऋणकोची, म्हणजे कर्जदाराची, चीजवस्तू आणि अर्धी जमीन ताब्यात घेण्याची मुभा दिली, आणि त्यातच लिहून ठेवलं की बैल आणि नांगराची जनावरं सोडून.

हे संरक्षण इंग्रजांनी आपल्याला आपखुशीनं दिलं, असं मात्र मी मानत नाही. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांकडची कर्जखतं जाळली. दंगा नगर जिल्ह्यातही पसरला. त्यानंतर कुठे कर्जबाजारी शेतकऱ्यांना दिलासा देणारा १८७९ चा दख्खनचा शेतकरी कायदा आला.

तापीकाठच्या एका गावातली जप्ती डोळ्यांपुढून जात नाही. कापसाच्या लागवडीचे दिवस. खळ्यात निंबाखाली खिल्लारी जोडी बांधलेली, भिंतीला वखर आणि पांभर टेकवलेली, ओसरीवर सरकीच्या बियाण्याची पाकिटं. दरखास्तदार व्यापारी माझ्यासोबतच आला होता आणि त्याचा रोख बैलांवर होता. घरातली म्हातारी दाव्याला हात धरून उभी राहिली. म्हणाली, "बैलजोडी से तं घर से, भाऊ." मी वॉरंट पुन्हा वाचलं, पंचांना जवळ बोलावलं आणि पंचनाम्यात लिहिलं: सदर बैल, अवजारे व बियाणे शेतीकामास आवश्यक दिसतात, सबब जप्त केले नाहीत. लोखंडी कपाट आणि टीव्ही जप्त केला. व्यापाऱ्यानं कोर्टात तक्रार केली. साहेबांनी पंचनामा वाचला आणि बैल राहिले.

आता गावात बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले. ट्रॅक्टरचा हप्ता थकला की फायनान्सची पोरं येतात आणि रस्त्यावरूनच गाडी ओढून नेतात. त्यांच्याजवळ ना हुकूमनामा, ना पंच. कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही, हे आपल्या घटनेच्या ३००-अ अनुच्छेदात आहे. १२१५ च्या सनदेचं ३९ वं कलमही देशाच्या कायद्याशिवाय स्वतंत्र माणसाला मालमत्तेवरून हटवू नका असंच सांगतं. म्हणून शेतकऱ्यांना मी आजही सांगतो, आधी कागद मागा. कोणाच्या सहीनं आलात ते विचारा.

एक गोष्ट मात्र इथे पोहोचलीच नाही. सनदेच्या ९ व्या कलमात राजा म्हणतो: ऋणकोची चीजवस्तू देणं फेडायला पुरेशी आहे तोवर आम्ही किंवा आमचे बेलिफ त्याच्या जमिनीला हात लावणार नाही, आणि ऋणको स्वतः फेडू शकतो तोवर जामीनदारांना धरणार नाही. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ जामीनदाराला ऋणकोच्या बरोबरीनं जबाबदार धरतं. करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर सावकार थेट जामीनदाराकडे जाऊ शकतो. चुलतभावाच्या कर्जाला सही दिलेल्या एका शिक्षकाच्या पगारावर जप्ती आली, तो आदेश मीच शाळेत नेऊन दिला होता. मूळ कर्जदाराच्या शेतात तेव्हा केळीचा बाग कापणीला आलेला होता. सनदेतलं ते वाक्य करार कायद्यात घातलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.