मॅक्रो काढला, फंक्शन लिहिलं

मंगळवार, रात्र

आजचा अख्खा दिवस सीमेकच्या (CMake, कोड कसा बिल्ड करायचा ते सांगणारं टूल) एका हेल्पर फाईलपायी गेला आणि तो सत्कारणी लागला असं मला अगदी मनापासून वाटतंय. आमच्या सगळ्या टेस्ट एकाच मॅक्रोतून, म्हणजे नाव देऊन पुन्हा पुन्हा वापरायच्या ओळींच्या गठ्ठ्यातून, तयार होतात, टेस्टचं नाव द्या, फाईल द्या, झालं काम. वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललंय, आणि आता एकदम दुसऱ्या टेस्टला लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडून प्रोग्राम बनवणारा) ओरडायला लागला की मेनच्या, म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या फंक्शनच्या, दोन डेफिनिशन आहेत.

अलकापुरीतल्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा कारेलीबागचा मुलगा नवीनच लागलाय. तो म्हणाला, "ताई, मॅक्रोत तर काहीच बदललं नाही, मग आत्ताच का?" प्रश्न एकदम बराबर होता. त्याला म्हटलं मॅक्रोच्या शेवटी मेसेज टाक, सोर्सेस नावाची टेस्टच्या फाईलींची यादी छापून बघ. पहिल्या वेळी यादीत एक फाईल, दुसऱ्या वेळी दोन, आणि त्यातली पहिली आधीच्या टेस्टची! खरकट्या ताटातच दुसऱ्याला वाढल्यासारखं. सीमेकचा मॅक्रो स्वतःचा स्कोप (व्हेरिएबल जिथपर्यंत चालतात ती हद्द) करतच नाही, बोलावणाऱ्याच्याच स्कोपमध्ये चालतो, त्यामुळे त्यात अपेंड केलेलं, म्हणजे यादीच्या शेवटी जोडलेलं, तिथेच पडून राहतं. आधी हे दिसलं नाही कारण प्रत्येक टेस्टचं फोल्डर वेगळं होतं आणि ॲड-सबडिरेक्टरीने (आतल्या फोल्डरची सीमेक फाईल चालवणारी कमांड) प्रत्येक फोल्डरला नवा स्कोप मिळायचा, परवा कुणीतरी दोन टेस्ट एकाच फोल्डरमध्ये आणल्या आणि ते कवच गेलं.

मग मॅक्रोचं फंक्शन केलं, त्याला स्वतःचा स्कोप असतो. पोराला वाटलं संपलं, मी म्हटलं थांब. फंक्शनमध्ये केलेलं बाहेर सांडत नाही हे खरं, पण बाहेरचं आत दिसतं ना! बोलावणाऱ्या फाईलमध्ये त्याच नावाचा व्हेरिएबल असेल तर अपेंड त्याच्याच पुढे चिकटवणार. म्हणून फंक्शनच्या पहिल्याच ओळीत यादी रिकामी करायची, ही ओळ मला फार महत्त्वाची वाटते आणि बहुतेक लोक नेमकी तीच गाळतात.

दुपारनंतर उलटा प्रश्न आला, काही हेल्परना उत्तर बाहेर द्यायचं असतं. तिथे पॅरेंट-स्कोप (किंमत बोलावणाऱ्याच्या स्कोपमध्ये ठेवायचा पर्याय) लागतं, पण ते एकच पायरी वर जातं, फंक्शनने फंक्शन बोलावलं असेल तर मधल्याने पुन्हा वर चढवावं लागतं, आणि त्याच फंक्शनमध्ये पुढच्या ओळीत वाचायला गेलं तर जुनीच किंमत मिळते, यात तो बराच वेळ अडकला. सीमेक 3.25 पासून रिटर्नमध्येच प्रोपगेट लिहून किंमत वर पाठवता येते, वेगळा स्कोप करणारा ब्लॉकही आलाय, पण आमचा बिल्ड सर्व्हर उबुंटू 22.04 वर, तिथे 3.22, म्हणून ते नाही. मग ठरवलं की उत्तर कुठल्या नावात हवं ते बोलावणाऱ्यानेच आर्ग्युमेंट म्हणून द्यायचं. दोन शब्द जास्त टाइप होतात, होऊ देत, कॉलची ओळ वाचली की काय आत गेलं आणि काय बाहेर आलं ते कळतं. मला विचाराल तर हे कळत नसेल तर तो कोड परत वापरण्यात काही अर्थच नाही, नुसती कॉपी-पेस्ट बरी, निदान चूक जिथली तिथे तरी राहते.

रिटर्नवरून आठवलं, जुन्या मॅक्रोत एका अटीखाली रिटर्न होतं. मॅक्रोत ते लिहिलं की बोलावणारी फाईलच तिथे संपते, म्हणजे खालच्या टेस्ट गपचूप गायब, एररही नाही. फंक्शन केल्यावर हे आपोआपच सुटलं.

आता कंपायलरच्या वॉर्निंगचे फ्लॅग उरलेत, ते एका ग्लोबल व्हेरिएबलमध्ये कोंबलेत आणि बाहेरून आणलेल्या लायब्ररींनाही लागतात. त्यांचं एक इंटरफेस टार्गेट (स्वतः काही न बांधता फक्त सेटिंग देणारं) करायचं, ज्याला हवं त्याने ते प्रायव्हेट, म्हणजे फक्त स्वतःपुरतं, लिंक करावं. उद्या ते त्या मुलालाच करायला देणार आहे, मी फक्त रिव्ह्यू करीन.