दादाच्या सायकलला दारू प्यायलेल्या कारवाल्याने उडवलं त्यानंतर

दादा पहाटे सायकल घेऊन खडकवासल्याला निघाला होता, सिंहगड रोडवर रात्रभर पिऊन घरी चाललेल्या एका कारवाल्याने मागून उडवलं, मांडीचं हाड मोडलं आणि आमचं सगळं घरच हादरलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरचे हॉस्पिटलमध्ये येऊन म्हणाले, ५० हजार घ्या, मिटवून टाकू. आई जवळजवळ हो म्हणणार होती, बिलाचा आकडाच तसा होता.

कुठेही सही करू नका, प्लीज. एफआयआर आधी, आणि ड्रायव्हरची ब्लड टेस्ट लगेच व्हावी म्हणून पोलिसांच्या मागे लागा कारण रक्तातली दारू तासातासाला कमी होते, १०० मिलीत ३० मिलिग्रॅमच्या वर सापडली की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं. ती केस सरकार चालवतं. भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात वेगळा अर्ज करायचा, कलम १६६ खाली, त्यात औषधपाणी, बुडालेला पगार, पुढची ऑपरेशन्स, सोसलेल्या वेदना सगळं मागता येतं. २०१९ च्या दुरुस्तीने ६ महिन्यांची मुदत आलीय, त्यामुळे थांबू नका.

ड्रायव्हर प्यायलेला होता म्हणजे इन्शुरन्स विसरा असं आम्हाला कितीतरी जणांनी ठामपणे सांगितलं, पण बऱ्याच केसेसमध्ये कोर्ट जखमीला आधी कंपनीकडूनच पैसे द्यायला लावतं, मग कंपनी ते गाडीमालकाकडून वसूल करते.

बिलं, डिस्चार्ज कार्ड, पगाराच्या स्लिपा मी एका पिशवीत ठेवल्यात. मोडकी सायकलसुद्धा भंगारात दिलेली नाही.