जामीन मंजूर झाला, तरी भाऊ 13 दिवस आतच होता

2024 चा नोव्हेंबर, शुक्रवारची रात्र. हडपसरला माझ्या घरी मी ओटा पुसत होते आणि गावाहून आईचा फोन आला. "धाकट्याला नेलं गं पोलिसांनी," एवढंच बोलली आणि फोन अण्णांच्या हातात दिला. बांधावरून भावकीत भांडण झालं होतं, काठ्या निघाल्या होत्या, समोरच्या चुलतभावाच्या डोक्याला टाके पडले होते. त्या रात्री नेमकं काय झालं त्यावर मी इथे लिहिणार नाही, कारण खटला चालू आहे. हे मला आमच्या वकीलबाईंनी पहिल्यांदा शिकवलं, आणि तेच आधी सांगते: घरचं माणूस आत गेलं की व्हॉट्सअ‍ॅपवर, फोनवर, पारावर कुठेही प्रकरणाची चर्चा करू नका. रागाच्या भरात लिहिलेला एक मेसेजसुद्धा उद्या कोर्टात वाचला जाऊ शकतो.

भावाला संध्याकाळी आठच्या सुमारास घरून नेलं. अटकेच्या कागदावर वेळ पडली 11.40. अण्णांनी त्या कागदावर नातेवाईक म्हणून सही केली, पण चष्मा घरी राहिलेला, वाचून दाखवा म्हणायचा धीर झाला नाही. अटकेच्या कागदावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची सही घेतात ती याचसाठी, की माणूस कधी आणि कुठून नेला याला साक्षीदार राहावा. अटकेपासून 24 तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं. हे संविधानाच्या 22 व्या अनुच्छेदातच आहे. वेळेला इतकं महत्त्व असतं हे आम्हाला कुठे ठाऊक! दुसऱ्या दिवशी मी स्टँडवरच्या दुकानातून दोनशे पानी वही घेतली आणि कोण, कधी, काय म्हणालं ते लिहायला लागले. फक्त त्या आठ वाजताची नोंद कायमची राहून गेली.

आता तर सर्वोच्च न्यायालयाने 2025 च्या नोव्हेंबरात सांगितलंय की अटकेची कारणं आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यायला हवीत, आणि लगेच देता आली नाहीत तरी रिमांडसाठी, म्हणजे कोठडी ठरवायला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे, हजर करण्याच्या किमान 2 तास आधी द्यायलाच हवीत. आमच्या वेळी तोंडी सांगून भागवलं होतं. तो कागद मागा. एफआयआरही बहुतेक वेळा महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर चढते. लैंगिक अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे तेवढे वगळलेले असतात. आम्ही मात्र एफआयआरच्या झेरॉक्ससाठी तीन दिवस ठाण्याच्या पायऱ्या झिजवल्या.

शनिवारी सुट्टीच्या कोर्टात हजर केलं. न्यायाधीशांनी विचारलं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" तो म्हणाला, "नाही." हा प्रश्न प्रत्येकाला विचारतात. मारहाण झाली असेल तर ती सांगायची जागा तीच. चार दिवसांची पोलीस कोठडी झाली, पुढे दोन दिवस वाढली.

पीसीआर आणि एमसीआर हे दोन शब्द त्या आठवड्यात आमच्या घरात मीठ-मिरचीसारखे वापरात आले. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी: माणूस ठाण्याच्या लॉकअपमध्ये, तपास चालू. एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी: माणूस कारागृहात. आई एमसीआर ऐकून कोर्टाच्या व्हरांड्यातच खाली बसली, तिला वाटलं शिक्षाच झाली. उलट जामिनाच्या अर्जाला खरी वाट तिथूनच मोकळी होते. मात्र 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, पोलीस कोठडीचे 15 दिवस तुकड्यातुकड्यांनीही मागता येतात. गुन्ह्याप्रमाणे पहिल्या 40 किंवा 60 दिवसांत. म्हणून एमसीआर झाली की पोलिसांशी संबंध संपला असं धरून चालू नये.

याच दिवसांत ठाण्याबाहेर एकजण भेटला. "साहेबांना सांगून कलम हलकं करतो." अण्णांनी 15 हजार दिले. कलम 109, म्हणजे जुनं 307, खुनाचा प्रयत्न, तसंच राहिलं आणि तो माणूस पुन्हा दिसला नाही. ते पैसे अण्णांनी शेळ्या विकून आणले होते. वहीत त्या पानावर अण्णांनी स्वतःच्या हाताने "15,000" लिहिलंय, बाकी काही नाही.

कारागृह गावापासून चाळीसेक किलोमीटरवर. पहिल्या मुलाखतीला (तिथे भेटीला मुलाखतच म्हणतात) आम्ही चौघं गेलो: आई, अण्णा, भावजय आणि मी. भावजयीला परत पाठवलं. तिच्या आधारवर माहेरचं नाव, आणि भावाने आत जाताना नातेवाइकांच्या यादीत लिहून दिलेलं सासरचं. लग्नाचा दाखला घरी पेटीत. दीड वर्षाची मुलगी कडेवर घेऊन ती दोन तास दाराबाहेरच्या लिंबाखाली उभी राहिली. तुमच्या घरात कुणी आत असेल तर आजच सगळ्यांचे आधार आणि नावं ताडून बघा, आणि लग्नाचा दाखला बरोबर ठेवा. भेटीची नोंद आधी करावी लागते. ई-मुलाखतीची सरकारी वेबसाइट आहे, त्यावर बंद्याचं नाव आणि आपली माहिती भरून मोबाइलवर ओटीपी येतो. व्हिडिओवरची भेटही तिथूनच घेता येते. अण्णांचे गुडघे दुखतात, त्यांच्यासाठी नंतर आम्ही तेच केलं.

आत मध्ये काच, दोन्ही बाजूंना फोनचे रिसीव्हर. आई काचेला हात लावून बसली आणि रिसीव्हर उचलायचाच विसरली. मिनिटं मोजलेली, त्यातली निम्मी रडण्यात गेली. पुढच्या वेळेपासून मी वहीत आधी प्रश्न लिहून नेले: वकीलपत्रावर सही झाली का, टेम्पोचा हप्ता कुठल्या खात्यातून जातो, कोणतं औषध संपलं, कुणाला काय सांगायचं. हे कोरडं वाटेल, पण आठवड्यातून एकच भेट मिळत असेल तर प्रश्न लिहून न्यावेच लागतात. आणि तिथेही गुन्ह्याबद्दल बोलायचं नाही.

कपडे घेतले, पण नाडीची पँट परत दिली. घरचा डबा नाही. तो हवा असेल तर कोर्टाची परवानगी लागते. साबण, पेस्ट, बिस्किटं आतल्या कॅन्टीनमधून घ्यायची आणि त्यासाठी बंद्याच्या नावे मनीऑर्डर करायची. रकमेला महिन्याची मर्यादा असते, ती कारागृहातच विचारा. आमची पहिली मनीऑर्डर आठ दिवसांनी पोचली, कारण मी बंदी क्रमांक लिहिला नव्हता.

सगळ्यात जास्त जीव टांगणीला लागला तो त्याच्या दम्याच्या पंपावरून. आई पंप घेऊन दारात गेली, तो घेतला नाही. बाहेरचं औषध तसं कुणाच्याही हातून घेता येत नाही, हे आता समजतं. तेव्हा आई हंबरडा फोडून रडली. मार्ग असा निघाला: डॉक्टरांची चिठ्ठी आणि जुने रिपोर्ट जोडून कोर्टात अर्ज, आणि कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तपासून उपचार द्यावेत असा आदेश. दोन दिवसांत त्याला आतूनच पंप मिळाला. नेहमीचं औषध चालू असलेल्या माणसाची फाइल पहिल्याच रिमांडला वकिलाच्या हातात हवी. आम्ही ती अकराव्या दिवशी दिली.

तारखेला त्याला बघता येईल म्हणून आम्ही कोर्टात जायचो आणि तो यायचाच नाही. "कैदी पार्टी मिळाली नाही," म्हणजे बंदोबस्ताला पोलीस नाहीत, किंवा व्हीसीवर, म्हणजे पडद्यावरच हजर. एसटीचं भाडं वाया जाण्यापेक्षा ई-कोर्टच्या अ‍ॅपवर तारीख बघायची. केसचा सीएनआर नंबर एकदा लिहून ठेवला की पुढची तारीख घरबसल्या दिसते.

पहिल्या वकिलांना आम्ही 40 हजार दिले होते. ते दोन तारखांना आलेच नाहीत. मुलाखतीच्या रांगेत माझ्यापुढे एक मावशी होत्या, त्यांचा मुलगा वर्षभर आत. त्या म्हणाल्या, "लोकअभिरक्षक कार्यालयात जा की, पैसे लागत नाहीत." मी आधी मनावर घेतलं नाही. फुकटचा वकील काय लढणार, असं वाटलं. माझा तो समज चुकीचा निघाला. जिल्हा न्यायालयाच्या इमारतीतच विधी सेवा प्राधिकरण बसतं, आणि 1987 च्या कायद्याप्रमाणे कोठडीत असलेल्या कुणालाही, त्याचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. 15100 या नंबरवरही विचारता येतं. तिथल्या वकीलबाईंनी आमचे कागद वाचले, अगदी प्रत्येक पान वाचलं, आणि पहिलाच प्रश्न केला: "पहिला रिमांड कधी झाला?" दोषारोपपत्र ठरलेल्या मुदतीत आलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो; आमच्या कलमाला ती मुदत 90 दिवस, हलक्या गुन्ह्यांना 60. हे दिवस अटकेपासून धरायचे नाहीत, पहिल्या रिमांडपासून धरायचे. आणि मुदत संपली की आपोआप कुणी सोडत नाही, अर्ज करावा लागतो, तोही दोषारोपपत्र येण्याआधी. त्यांनी तारीख लिहून घेतली, पण तिथवर थांबायचं नाही असं ठरवून सत्र न्यायालयात अर्ज टाकला. सरकारी वकिलांचा आणि तपास अधिकाऱ्याचा 'से', म्हणजे अर्जावरचं लेखी म्हणणं, यायला दोन तारखा गेल्या. एकोणचाळिसाव्या दिवशी जामीन मंजूर झाला: 30 हजारांचा जातमुचलका, म्हणजे आरोपीने स्वतः लिहून द्यायची हमी, आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार.

आईने देवापुढे साखर ठेवली. भावजयीने त्याच्या आवडीची शेंगदाण्याची चटणी कुटली. संध्याकाळपर्यंत येईल असं आम्ही धरून बसलो होतो.

जामीनदार म्हणजे नुसता ओळखीचा माणूस नव्हे. त्याचा ताजा सातबारा, आठ-अ, आधार, रेशनकार्ड, फोटो, घरपट्टीची पावती, कधी तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला. भावकीचा अर्धा भाग विरुद्ध बाजूला. मामा तयार झाले, तर त्यांच्या सातबाऱ्यावर सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा. कोर्टाने दुसरा जामीनदार आणायला सांगितलं. आत्याच्या यजमानांच्या ऐपतीच्या दाखल्यासाठी तलाठी, मग मंडल अधिकारी, मग तहसील, यात सहा दिवस गेले आणि मग त्यांनीच नको म्हटलं. कोर्टाबाहेर एकाने जामीनदार भाड्याने देतो म्हणून आठ हजार मागितले. मी त्या संध्याकाळी एटीएमपाशी जाऊन परत आले. खोटा जामीनदार दिला तर नवा गुन्हा आमच्यावर लागला असता.

गावात दुसरं कुणी नव्हतं असं नाही. पण आम्ही कुणाला सांगितलंच नव्हतं. भाऊ टेम्पो घेऊन गुजरातला गेलाय, असं आई शेजारी सांगत होती. माझ्या ऑफिसातही मी अण्णांच्या आजारपणाची रजा टाकली होती. ज्यांच्याकडे जाऊन कागद मागायचे, त्यांच्यापुढेच तोंड लपवत होतो.

अकराव्या दिवशी मी अण्णांचे जुने मित्र, निवृत्त शिक्षक, त्यांना फोन केला. तोंडातून शब्द फुटेना. ते म्हणाले, "पोरी, पेपरात आलंय महिन्यामागं. मी सातबारा काढून ठेवलाय. तुमचा फोन येईल म्हणून वाट बघत होतो." मी फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन रडले.

वकीलबाईंना त्या दिवसांत मी फोनच केला नव्हता. जामीन झाला, त्यांचं काम संपलं, असं मला वाटलेलं. नंतर त्या रागावल्या. जामीनदार शोधायला मुदत मागून तोवर तात्पुरता रोख जामीन स्वीकारावा, असा अर्ज पहिल्याच दिवशी करता आला असता. आदेशानंतर 7 दिवसांत माणूस सुटला नाही तर कारागृह अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिनाभरात जामीनदार देता आला नाही तर कोर्ट स्वतःहून अट सैल करू शकतं, असे सर्वोच्च न्यायालयाचे 31 जानेवारी 2023 चे निर्देश आहेत. खरंच आठव्या दिवशी आत एक विधी स्वयंसेवक भावाला विचारून गेले होते. त्याने सांगितलं, "घरचे बघतायत." ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांच्यासाठी केंद्राची 2023 ची गरीब बंद्यांसाठीची योजना आहे, कच्च्या कैद्याच्या (खटला चालू असलेल्या बंद्याच्या) जामिनासाठी तेव्हा 40 हजारांपर्यंत. त्या रांगेतल्या मावशींना मी हे कळवलं.

बाराव्या दिवशी कागद पुरे झाले. सुटकेचा आदेश संध्याकाळी कारागृहात पोचला, पण त्यात अण्णांच्या नावात एक अक्षर चुकलेलं. ती रात्रही आतच. आदेश हातात आला की कोर्टातच उभं राहून नाव, वडिलांचं नाव, गुन्हा क्रमांक एफआयआरशी ताडून बघा.

दुसऱ्या दिवशी तो बाहेर आला. हातात प्लास्टिकची पिशवी, कॅन्टीनचे उरलेले 340 रुपये आणि पंप. मुलीने त्याला ओळखलं नाही. आईच्या खांद्यात तोंड खुपसून बसली.

अटीप्रमाणे त्याला गावात जाता येत नाही, म्हणून तो सध्या हडपसरला माझ्याकडे असतो. दर सोमवारी पहाटेची एसटी पकडून 10 ते 1 या वेळेत तालुक्याच्या ठाण्यात हजेरी देतो. तिथल्या रजिस्टरमध्ये सही होते, त्याला मात्र पावती मिळत नाही. म्हणून रजिस्टरचं पान, वेळ आणि ड्यूटीवर कोण होतं ते तो दोनशे पानी वहीत लिहितो, आणि शेजारी त्या दिवसाची जाण्या-येण्याची तिकिटं चिकटवतो.