तीन रुपये

शुक्रवार, रात्री साडेदहा

आज डेपोत रोकड भरताना तीन रुपये जादा निघाले. रीतीप्रमाणे भरून टाकले. कंडक्टरकडे पैसे कमी निघाले तरी पंचाईत आणि जास्त निघाले तरी पंचाईतच. म्हणून तर ड्युटीवर निघताना खिशातली खासगी रक्कमसुद्धा आधी लिहून द्यावी लागते.

ते तीन रुपये कुणाचे, हे मला ठाऊक आहे.

दुपारी पाथर्डीची गाडी खचाखच भरलेली. एका फाट्यावर एक आजी चढल्या. डोक्यावर पदर, हातात पिशवी. म्हणाल्या, "ऐंशीची हाय रं बाबा, मला फुकट हाय." पंचाहत्तर पूर्ण झालेल्यांना २०२२ पासून एसटीत तिकीट नाही, हे आता वाडीवस्तीवरही माहीत आहे. आधार पाहिलं, तर जन्मतारीख १ जानेवारी आणि वय भरत होतं त्र्याहत्तर. आमच्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्यांचा जन्म १ जानेवारीचाच. शाळेत नाव नाही, दाखला नाही. कुणीतरी अंदाजाने वर्ष टाकलेलं. आजी खरं बोलत असतील. पण मशीनवर शून्याचं तिकीट काढलं आणि पुढे तपासणी आली, तर जाब मला द्यावा लागणार. महिलांचं अर्धं तिकीट दिलं. त्यात माझं काही चुकलं असं अजूनही वाटत नाही.

चुकलं ते त्यानंतर. "आजी, ऐंशीच्या ना तुम्ही? मग आधारवाल्यांनी सात वर्षांची सूट दिली वाटतं!" अख्खी गाडी हसली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? आजींनी कनवटीची वीसची नोट काढून दिली. सुटे नव्हते, म्हणून तिकिटामागे '३ बाकी' लिहिलं. तिसगावला त्या मान खाली घालून उतरल्या. बाकी मागितली नाही. मीही हाक मारली नाही. पुढे तिकिटं फाडायची राहिली होती (मशीन आली तरी तोंडी शब्द 'फाडायची' हाच).

घरी आल्यावर पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं. गलतीकरांस पत्राचा पाचवा अध्याय लहानपणी शब्बाथ शाळेत पाठ करून घेतलेला: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. आम्ही बोलताना 'आत्म्याची नऊ फळं' म्हणतो. पण हे पत्र लिहिणारा पौल 'फळ' म्हणतो, एकवचनी. इतकी वर्षं हे डोळ्यांखालून गेलं आणि अडलं नाही. मी विश्वासूपणाची फोड घेऊन बसलो होतो. पै पैचा हिशेब, तिकिटात सवलत नाही, हीच माझी साक्ष असं चर्चच्या मंडळीत दोनदा उभं राहून सांगितलंय. सौम्यतेची फोड ताटाबाहेरच.

कवी नारायण वामन टिळकांची गोष्ट आमच्या नगरकडे घरोघरी सांगतात. आगगाडीत एक अनोळखी गोरा प्रवासी भेटला, आदराने बोलला, कवितेवर गप्पा मारल्या आणि नवा करार हातात दिला. पुढे १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. ती गोष्ट ऐकताना मी नेहमी टिळकांचा विचार करायचो. आज त्या प्रवाशाचा आला. डब्यात बसल्या बसल्या तो नुसता नीट बोलला होता. मी दिवसाला किती माणसांशी बोलतो, आणि काय? "पुढं सरका", "सुटे काढा".

बायकोला सगळं सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तीन रुपये द्याल हो, पण हसू कसं परत घ्याल?" यावर मी काही बोललो नाही.

उद्या ड्युटी तीच आहे. आजी भेटतील असं नाही. शनिवारी त्यांचं काय काम असणार? तरी सुटे तीन रुपये शर्टाच्या वरच्या खिशात वेगळे ठेवलेत. सकाळी खासगी रक्कम लिहिताना तेही धरूनच लिहीन.