तुम्ही विचारलंत म्हणून: घोड्याच्या खाजेला काय लावू?

पाऊस सुरू झाला की हाच प्रश्न. शेपटीखाली बघितलंत का, असं मी उलट विचारलं की काहींना राग येतो. पण गुदद्वाराभोवती पिवळट-करडा चिकट थर असेल, तर ते जंत. तिथे पारदर्शक चिकटपट्टी दाबून डॉक्टरांकडे न्या, सूक्ष्मदर्शकाखाली अंडी दिसतील. आयाळीत उवाही शोधा. हे काही नसेल आणि आयाळ, शेपटीचं मूळ, कधी पोटाची मधली रेघ एवढंच खाजत असेल, तर बहुधा चिलटं. डास नव्हेत, त्याहून बारीक, १ ते ३ मिलिमीटरची.

"रक्त बिघडलंय का? चणे बंद करू?" नका करू. आइसलँडचं बघा. तिथे ही चिलटं पूर्वापार नव्हती, म्हणून हा आजारही नव्हता. तिथले दाट आयाळीचे धट्टेकट्टे घोडे युरोपात विकले जातात. चिलटांच्या मुलखात दोनेक वर्षं काढली की त्यांतले निम्म्याहून जास्त शेपूट घासू लागतात. त्याच जातीची, पण युरोपातच जन्मलेली शिंगरं लहानपणापासून चावे खातात, ती मात्र बरीच कमी आजारी पडतात. म्हणजे रक्त तेच, फरक चाव्यांचा. आणि आइसलँडच्या कायद्यानं एकदा बाहेर गेलेला घोडा परत देशात घेत नाहीत. जिथे त्याची खाज कदाचित आपोआप थांबली असती, नेमकं तिथलंच दार बंद. ॲलर्जी चिलटाच्या लाळेची आहे. चावे चालू तोवर खाज चालू.

म्हणून मी मलमाआधी पंख्याचं बोलतो, आणि लोक हिरमुसतात. चिलटांना वाऱ्यात उडता येत नाही. दिवस मावळायच्या तासभर आधी घोडा आत घ्या, उन्हं वर आल्यावरच सोडा, आणि मोठा पंखा रात्रभर त्याच्या अंगावर राहू द्या. वायर दातांपासून लांब ठेवा. उकिरडा आणि तुंबलेला चिखल तबेल्यापासून दूर हवा, चिलटं तिथेच वाढतात. झूल मान, पोट, शेपटीचं मूळ झाकणारी हवी आणि जाळी अगदी बारीक. साध्या मच्छरदाणीतून ती आरपार जातात.

लावायचंच असेल तर खरजेचं २५ टक्के बेन्झिल बेन्झोएट, रोज, पण फक्त अखंड कातडीवर. सोललेल्या जागी ते भयंकर झोंबतं, आणि घोडा पुन्हा हात लावू देत नाही. परमेथ्रिन हे कीटकनाशकही चालतं, मात्र तबेल्यात मांजर असेल तर जपून, तिला ते जीवघेणं ठरू शकतं. जळकं ऑइल नकोच. खाज सुरू होण्याआधी, पहिल्या सरींच्या सुमाराला हे सगळं सुरू केलं तर उपयोग; रक्त निघाल्यावर नुसती धावपळ.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनाला मी पूर्वी सरसकट नाही म्हणायचो. डोक्यात खुरांची भीती: लठ्ठ तट्टाला त्यानं खूर आतून सुजायचा धोका वाढतो, आणि तो घोडा कायमचा अधू होऊ शकतो. पण खांबावर घासून सोललेल्या शेपटीत अळ्या पडलेल्या असताना "पंखा लावा" एवढंच सांगणं हा शहाणपणा नव्हे, निर्दयपणाच. तरी हो म्हणतानाही जीभ अडखळते. डॉक्टरांनी दिलंच, तर रोज सकाळी चारही खुरांना हात लावून बघा. ते गरम लागले किंवा घोडा वळताना पाय जपू लागला, तर पुढच्या डोसची वाट न बघता लगेच फोन करा.