हमिंगबर्डच्या पायातील कडे

जास्वंदीवर येणाऱ्या शिंजिराला (सनबर्डला) हमिंगबर्ड म्हणणारे गोव्यात पुष्कळ भेटतात. प्रत्यक्षात हमिंगबर्ड फक्त उत्तर व दक्षिण अमेरिकेत आढळतो आणि त्याचे जवळचे नाते पाकोळीशी आहे; लांब चोच आणि चमकती पिसे एवढ्यावरून त्याला शिंजिराच्या कुळात बसवता येत नाही. तरीही अ‍ॅरिझोनात मुलीकडे राहायला गेलो असताना सॅन पेद्रो नदीकाठी पक्षी-अभ्यासकांना हमिंगबर्डच्या पायात ओळखीचे क्रमांक असलेले कडे घालताना पाहिले, तेव्हापासून फोंड्याच्या आमच्या परसातील शिंजिरांकडे मी वेगळ्याच उत्सुकतेने पाहू लागलो आहे.

साखरपाण्याची बाटली टांगलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात पक्षी शिरला की दोरी सोडून दार पाडतात, आणि मग त्याला अलगद हातात घेऊन काम सुरू होते. हे कडे बाजारातल्या बांगडीसारखे तयार मिळत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या अतिशय पातळ पत्र्यावर एक अक्षर आणि पाच अंक छापलेले असतात, आणि ती पट्टी कापून, कडा घासून, गोल वळवण्याचे काम कडे घालणाऱ्यालाच करावे लागते. भिंगाखाली चोच पाहिली तर पिल्लाच्या चोचीवर बारीक खाचा दिसतात, ज्या वाढत्या वयाबरोबर बुजत जातात. पोटावरची पिसे नळीने फुंकर घालून बाजूला केली की कातडीखाली साठलेली पिवळसर चरबी दिसते, आणि लांबच्या प्रवासाची तयारी कुठवर आली आहे, ते तिच्यावरून कळते. सोडण्यापूर्वी कडे घालणाऱ्यांनी तो पक्षी माझ्या तळहातावर ठेवला. त्याचे वजन जाणवले नाही. हृदयाचे ठोके मात्र सुटे न लागता एक सलग थरथर होऊन हाताला लागत होते.

जेमतेम ३ ग्रॅमच्या जिवाला एवढा त्रास का द्यावा, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर कड्यांनीच दिले आहे, असे मला वाटते. हिवाळ्यात अमेरिकेच्या आग्नेय भागात दिसणारे रूफस जातीचे हमिंगबर्ड पूर्वी वाट चुकलेले समजले जात; कडी घातल्यावर तेच पक्षी वर्षानुवर्षे त्याच बागेत परतत असल्याचे दिसून आले. फ्लोरिडातील टॅलाहासी येथे जानेवारी २०१० मध्ये कडे घातलेली एक मादी त्याच वर्षी जूनमध्ये थेट अलास्कात सापडली. हे अंतर ५,६०० किलोमीटरच्या आसपास भरते.

भारतात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी १९२७ पासून पक्ष्यांना कडी घालत आली आहे. आपल्याकडे गोव्यात चोडण बेटावरच्या पाणपक्ष्यांना दुर्बिणी लावणारे बरेच आहेत. माझ्या मते तेवढेच लक्ष शिंजिरांनाही मिळायला हवे. विशेषतः पश्चिम घाटातच आढळणाऱ्या, किरमिजी पाठीच्या छोट्या शिंजिराच्या पायात कडी पडली, तर रान आणि कुळागर (सुपारी-नारळाची बाग) यांच्यामधली त्याची ये-जा ऋतूनुसार नोंदवता येईल. हे काम प्रशिक्षण घेतलेल्यांनी, वनखात्याची रीतसर परवानगी काढूनच करायचे असते. हौस म्हणून घरी जाळे लावणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. मात्र कडे असलेला मेलेला पक्षी कोणाला सापडला, तर त्यावरचा क्रमांक, जागा आणि तारीख लिहून ती माहिती कड्यावर नाव असलेल्या संस्थेला अवश्य कळवावी.